बांगडा की कौलं

भांडुपच्या बागेतली भिंत रविवारी लोकांसाठी खुली व्हायची होती आणि शुक्रवारी दुपारी माझे गुडघे पार संपले होते. ज्यांना दिसत नाही त्यांना हातांनी बघता यावं असं मी केलेलं सिमेंटचं उठावाचं काम, विषय मासळीबाजार. तपासणी म्हणून आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून हात फिरवले होते. "झकास! मासा लगेच कळतो," गवंडी म्हणाला, मुकादमही म्हणाला. कळणारच. दोघांनी तो आधी बघितला होता.

हे माझ्या लक्षात आलं ते धाकट्या नणंदेला तिथे नेल्यावर. शुगरने तिची नजर जाऊन सहा वर्षं झाली. खरं तर मला तिचं मत नको होतं. तिने एकदा छान म्हणावं आणि मी घरी जाऊन आडवं व्हावं, एवढंच.

तिने मोठ्या बांगड्यावर तळवा ठेवला. हाताला लागावेत म्हणून खवले मी मुद्दाम ठसठशीत केले होते.

"कौलां," ती म्हणाली. "ह्या कोणाचा घर?"

"अगं, मासा आहे. बांगडा."

"बांगडो? वहिनी, बांगड्यावरसून हात कसो सुळकन जाता! तू मासे फोटोत बघून घेतंस काय?"

फोटोतच बघितला होता. घरात मासे तीच आणायची, साफ करून कापायची, मी नुसत्या तुकड्या तळायचे. नजर गेल्यावर तिला आम्ही बाजारात जाऊ दिलं नाही, घसरून पडेल म्हणून.

"राहू दे आता," मी म्हटलं. "परवा उद्घाटन आहे. कोणाला कळणार?"

"माका कळला ना."

मी खडू काढला आणि खवल्यांवर फुली मारली.

शनिवारी सकाळी तिला बाजारात नेलं. तिने पाटीतल्या बांगड्याचं पोट अंगठ्याने दाबलं, कल्ला उचलला, मग माझं बोट धरून शेपटीकडे नेलं. तिथे वरखाली बारीक तुऱ्यांची रांग होती. मला माहीतच नव्हती.

"बाय, घ्यायचा तर घे, गोंजारू नको!" कोळीण ओरडली. सहा घेतले.

मग ग्राइंडर लावून खवले उडवले, तुरे बसवले. संध्याकाळपर्यंत नाकातोंडात सिमेंट.

रविवारी भाषणं चालू असतानाच तिने भिंतीवर हात ठेवला. "बांगडो," ती म्हणाली आणि कल्ल्याखाली बोट घालायला गेली. "उघडत नाय गो. ताजो काय शिळो, कसा कळतला?"

"सिमेंट आहे बाई ते. मी बसते आता."

"बस. माका शेपटीपर्यंत जाऊंदे."