गंगाला झालेली शिक्षा

उत्तरेतल्या रामघाटावरच्या मराठी यात्रीनिवासात दुपारी नदीवरचं ऊन छतावर हलायला लागलं की तिथला फोन सांभाळणाऱ्या शरदिनीबाईंना वाटायचं, आपण टेबलाशी नाही, पाण्याच्या तळाशी बसलोय आणि फोनवरचे आवाज वरून तरंगत येताहेत.

पुण्याच्या विश्वस्तांचे हुकूम बाईंच्याच कानी यायचे आणि इथल्यांची गाऱ्हाणी त्यांच्याच तोंडून जायची. दोन्हीकडचे काटे काढून निरोप द्यायची त्यांना खोडच होती. पुण्याहून निघालेलं 'गाढव' रामघाटावर 'भैया' होऊन उतरायचं. सगळ्यांना सगळे भले वाटत. खरं काय ते एकट्या बाईंना ठाऊक, आणि त्याचा त्यांना शीण यायचा.

गंगा तिथे झाडलोट करायची. थोरले विश्वस्त श्रीनिवासराव आले तेव्हा ती तोंडावर म्हणाली, "बाबूजी, आपका कमरा साल भर बंद रहता है. यात्री बरामदे में सोते हैं." पुण्याला पोचताच रावांचा फोन आला. नाकापेक्षा मोती जड झालाय म्हणाले, तिला शिक्षा द्या, चारचौघांना दिसेल अशी.

गंगाच्या घरात दुसरं कमावतं कोणी नव्हतं. या निरोपातून काटा काढावा तर मागे काही उरतच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच बाईंनी तो जसाच्या तसा व्यवस्थापक रोहनला सांगितला.

रोहन इथल्याच दूधविनायक मोहल्ल्यातला, घरी मराठी, पण शाळा सगळी हिंदी. शिक्षा म्हणजे शिकवणं, एवढंच त्याला ठाऊक.

"बढिया," तो म्हणाला, "मी पण केव्हाचा हेच सोचत होतो."

दुसऱ्या दिवसापासून गंगा चारचौघांदेखत बाईंच्या शेजारी खुर्चीवर बसून कंप्युटर, फोन आणि थोडं मराठी शिकू लागली. बाईंच्या जिभेवर आलेली दुरुस्ती त्यांनी गिळून टाकली. जन्मभर इतके शब्द बदलले, हा एक तेवढा बदलला नाही, याचं त्यांना फार सुख वाटलं. छतावरचं ऊन हलत राहिलं.

दिवाळीनंतर रावांनी फोनवर विचारलं, "शिक्षा दिली का तिला?"

"दिली. अजून चालू आहे."

"मग आता काय म्हणते?"

काटे काढायला बाईंचं तोंड उघडलंच होतं. पण त्यांनी फोन शेजारी सरकवला.

"नमस्कार, गंगा बोलते," गंगा सावकाश मराठीत म्हणाली. "खोली अजून बंद आहे. यात्री व्हरांड्यात झोपतात."

रावांनी खोलीची किल्ली कुणाकडे असते ते विचारलं.