शिशाची डाट

चार दिशांचे रूळ एकत्र येणाऱ्या त्या जंक्शनात दाजी ड्रायव्हरना ओळखत नाही असा माणूस नव्हता. बायकोचा धाकटा भाऊ त्यांच्याच इंजिनावर फायरमन. तो दाजी म्हणायचा, म्हणून सगळं शेडच दाजी म्हणू लागलं. वयाने मोठा फोरमनसुद्धा.

डिझेल आलं आणि वाफेची इंजिनं एकेक करून भंगारात निघाली. वाफेवरची शेवटची पॅसेंजर दाजींनी न्यायची ठरली. फलाटावर ही गर्दी! दाजी खिडकीतून अर्धे बाहेर, कुणी कॅमेरा रोखला की हात मिशीवर. गाडी सुटली तरी फाटकाफाटकावर माणसं उभी.

"दाजी, बॉयलरचं पाणी खाली चाललंय," कोळसा टाकता टाकता मेहुणा म्हणाला. "पाणी सोडू?"

"चढ संपू दे. आत्ता गार पाणी घेतलं तर वाफेचा जोर पडेल, गाडी रखडेल. लोक बघतायत."

चढ संपलाच नाही. पाणी फार उतरलं की भट्टीच्या छतातली शिशाची डाट वितळते आणि वाफ आग विझवते. बॉयलर फुटू नये म्हणून केलेली सोय. डाट वितळली. फुस्सकन भट्टी विझली. शेवटी डिझेल आलं आणि दाजींचं इंजिन गाडीसकट ओढत जंक्शनात घेऊन गेलं. फलाटावर कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

"पाणी कोण बघत होतं?" फोरमनने विचारलं.

"मी," मेहुणा म्हणाला. "लक्ष नव्हतं माझं."

दाजी शेजारीच हातातल्या रुमालाची घडी घालत राहिले. मेहुण्याची रवानगी राख उपसायच्या खड्ड्यात झाली.

"असा कधी चुकत नाही हो तो," जेवताना बायको म्हणाली.

दाजींनी हातातला घास ताटात परत ठेवला. "त्याने सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

 ती ताट उचलत म्हणाली, "मला काय सांगताय? तिथे सांगा."

सकाळी हजेरीला सगळे जमले असताना दाजींनी सांगितलं. ऐकताना फोरमननेच मान खाली घातली. मेहुणा इंजिनावर परतला, पुढे डिझेल शिकला. दाजींना यार्डात डबे हलवायच्या कामावर टाकलं. मेहुण्याची गाडी आली की ते पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभे राहत.

एकदा मेहुणाच तिथे आला. "इथे काय लपताय? चला, चहा घेऊ."

"तू खड्ड्यात उतरलास आणि मी बघत राहिलो रे."

"माहितीये मला. चला."

दाजी त्याच्यामागून गेले. चहा संपेपर्यंत त्यांना वर बघवलं नाही.