मी आईला तार केली

दुष्काळात सातवीतूनच माझी शाळा सुटली आणि पुढं मी इचलकरंजीला मागावर लागलो. मागं भूमजवळच्या आमच्या गावात आई एकटी. एक म्हैस होती, तिचं दूध गावच्या सोसायटीत घालून ती भागवायची. मी दर आठवड्याला कार्ड टाकायचो: उन्हात जाऊ नको, पाणी जपून आण, विहिरीवर वाकू नको. कार्ड पेटीत पडलं की मला जरा बरं वाटायचं.

एकदा महिना उलटला तरी तिचं उत्तर आलं नाही. शेवटी पोस्टात जाऊन तिथल्या कारकुनाकडून इंग्रजीत तार केली, 'तब्येत कळवा.' आमच्याकडं तार आली म्हणजे माणूस गेलं, हे मला ठाऊक होतं. तरी केली. तारेचंही उत्तर येईना, तेव्हा चौथ्या दिवशी एस. टी. धरली.

वेशीतच गल्लीतल्या म्हातारीनं अडवलं.

"आलास व्हय रं? तुझ्या नावानं घसा बसूस्तर रडलो आमी. आता ते रडणं कोण माघारी देणार?"

घरी आई भिंतीला टेकून बसलेली. मला बघून तिनं आधी माझे हातपाय चाचपले, मग पाठीत एक धपाटा घातला. शेजारच्या चाची चहा ओतत होत्या. काय झालं ते त्यांनीच सांगितलं.

तार इंग्रजीत. गावात इंग्रजी वाचणारा एकच, सोसायटीचा सेक्रेटरी, आणि तो संध्याकाळीच तिथं दूध घ्यायला यायचा. तोवर बायांनी गळा काढला. आईची दातखीळ बसली. धारेची वेळ झाली, म्हैस हंबरायला लागली, पण परक्या हाताला ती पान्हा सोडत नव्हती. चाचींनी दांडीवरचं आईचं लुगडं अंगाला गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला आणि धारेला बसल्या. आईचाच वास म्हणून म्हैस उभी राहिली. मग एका हातात किटली आणि दुसऱ्या हातात तार घेऊन चाची सोसायटीत गेल्या.

"सेक्रेटरी वाचून हसायला लागला," चाची म्हणाल्या. "मी पळत आले, तुझ्या आईला म्हणलं, पोरगं जित्तं हाय, नुसतं येडं हाय."

मी आईला विचारलं, "पत्र का नाही पाठवलंस?"

"समदं बरं असल्यावर काय लिवायचं?"

माझी मान खाली गेली, पण हेका सुटला नाही. म्हणालो, म्हैस विकू, तू माझ्याकडं चल. तिथं मला तुझा घोर लागतो. आई नुसती गोठ्याकडं बघत राहिली.

चाचींनी कपबशी खाली ठेवली. "तुला झोप लागावी म्हणून तिनं म्हैस इकायची का रं?"

मी आईकडं वळलो. विचारलं, "तुला इथं जड काय जातं?" इतक्या कार्डांत हे कधी विचारलंच नव्हतं.

"पाणी," ती म्हणाली. "डोणी गळतीया. चार घागरी वतल्या तर म्हशीच्या तोंडाला दोन लागत्यात."

डोणी म्हणजे म्हशीची पाण्याची दगडी कुंडी. बुडाला बोटभर चीर होती. दोन वर्षं मी पाणी जपून आण म्हणून लिहीत होतो आणि इथं निम्मं पाणी जमिनीत मुरत होतं. चाचींच्या मालकांनी घरातलं उरलेलं सिमेंट दिलं. चीर खरवडून मी ती बुजवली, वर ओलं पोतं टाकलं. दोन दिवस म्हशीला घमेल्यात पाणी दाखवलं. तिसऱ्या दिवशी सांजेला विहिरीवरनं घागरी आणून डोणी मीच भरली. खांदा सोलवटला.

सकाळी आई माझ्या आधी उठून डोणीपाशी उभी होती. तिनं आत हात घातला, कोपरापर्यंत भिजवला आणि तसाच ओला हात माझ्या तोंडावरून फिरवला.

"जा आता कामावर," म्हणाली. "खाडे पडतील."

म्हैस विकायचं मी परत काढलं नाही.