दारातला जबाब

मंगळवारी भर दुपारी नांदे गावात आमच्या दारात पोलिसांची जीप येऊन थांबली... आणि ती मीच बोलावली होती. अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकते.

आमच्या अगदी समोर सुनंदामावशी राहते. तिचा आकाश गल्लीत पिकअप रिव्हर्स घेत होता आणि मागून चाललेल्या बबलूला धडक बसली. बबलू बिहारचा, कोपऱ्यावरच्या नव्या बिल्डिंगवर सेंट्रिंगचं काम करतो. पाय मोडलाय, हॉस्पिटलमध्ये आहे.

हे डोळ्यांनी पाहणारी एकटी माझी आई.

दोन दिवसांत गल्लीत सुरू झालं, बबलूच प्यायलेला होता, स्वतःच गाडीखाली आला... आईला माहीत होतं तसं नव्हतं. ती गप्प बसली तर सगळं खापर त्या बबलूवर फुटणार, आणि त्याच्या बाजूने बोलायला इथे त्याचं कुणी नाही.

पण बोलणार कुणाविरुद्ध? आईने कित्येक वर्षं गावात अंगणवाडी चालवली. आकाश तिच्याच पुढ्यात गाणी म्हणत मोठा झालेला. आणि सुनंदामावशी रोज संध्याकाळी आमच्याकडून विरजण नेते... तिचं म्हणणं, बाईंच्या विरजणाशिवाय माझं दही लागतच नाही.

सोमवारी पोलीस ठाण्यातून आईला फोन आला, तुम्ही पाहिलंय म्हणे, उद्या ठाण्यात येऊन जबाब देऊन जा. आईचं जेवण तसंच ताटात राहिलं. मी मीटिंग म्यूट करून मोबाईलवर कायदा शोधत बसले. समोर लॅपटॉपवर मॅनेजर काहीतरी बोलत होता, देव जाणे काय.

शेवटी वकील मैत्रिणीला गाठलं. तिने सांगितलं, साक्षीदार बाई असेल तर तिला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, वय काहीही असो. जबाब तिच्या राहत्या घरी येऊन घ्यायचा, बोलावणंही लेखी हवं. वाद घालू नकोस, समोरच्याचं नाव आणि हुद्दा विचार आणि शांतपणे एवढंच सांग.

शांतपणे! मी दोनदा ठाण्याचा नंबर लावून कापला. पण सांगितलं. हवालदार साहेब जरा घुटमळले, मग म्हणाले, बरं, दुपारी येतो. मला तर केस जिंकल्यासारखं वाटलं...

आई मात्र माझ्यावरच उखडली. "अगं, दारात जीप आणतीस व्हय? समोर सुनंदा हाय. ठाण्यात गेले असते तर मी काय बोलले ते गल्लीला कळलं तरी असतं का?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे जीप थांबली की सगळी दारं उघडतात, लोक हातातली कामं टाकून बाहेर येतात. हक्क बरोबर शोधला, पण आपलं दार कुणाच्या दारासमोर आहे ते विसरले.

मी म्हटलं, परत फोन करते, स्वखुशीने ठाण्यात गेलीस तरी चालतं. आई ताट उचलून आत गेली. सकाळी विहारात वंदनेला जाऊन आली, भाकऱ्या केल्या, ओटा झाडला... आणि मी नुसती दारातून खिडकीत, खिडकीतून दारात. रजा टाकून घरी थांबले होते, पण उपयोग शून्य.

जीप आली. हवालदार आणि एक महिला पोलीस. मी आतल्या खोलीत खुर्च्या मांडून, पंखा लावून तयार. आईने त्यातलीच एक खुर्ची उचलली आणि बाहेर ओट्यावर आणून ठेवली.

समोर सुनंदामावशी मेथी निवडत बसली होती, निदान तसं दाखवत होती. आईने तिला हाक मारली. "सुनंदा, हिकडं ये. तुज्या माघारी न्हाई बोलायचं मला."

हवालदार म्हणाले, "बाई, असं चारचौघांत नको, आत बसू."

"आत बसून काय येगळं सांगणार हाय मी? लिवा हितंच."

मावशी आली. बसली नाही, पायरीशी उभी राहिली. 

आई म्हणाली, "बबलू शुद्धीत हुता. आमच्याकडं पाणी पिऊन, माझ्याशी बोलूनच निगाला हुता. आकाशनं मागं बघितलं न्हाई, कानाला फोन हुता. पोरगं वाईट न्हाई. पण चूक त्याची हाय."

महिला पोलिसाने लिहिलेलं वाचून दाखवलं. 'फोनवर बोलत असताना' असं आलं तशी आईने हात वर केला. "फोन कानाला हुता एवढंच बघितलं मी. बोलत हुता का न्हाई, मला म्हाईत न्हाई. तेवढं बदला." त्यांनी बदललं.

मावशीने आईकडे एकदाच पाहिलं. मग घरात गेली आणि दार लावून घेतलं. जीपही गेली, गल्ली मात्र बराच वेळ तशीच उभी होती.

तेव्हापासून ते दार आमच्यासाठी बंदच आहे. 'तुझ्या आईने बरं नाही केलं' असे मेसेज मलाच येतात. बाहेर एखादी गाडी थांबली तरी मी उठून बघते. बबलूचा भाऊ येऊन आईच्या पाया पडून गेला, तेव्हासुद्धा माझं लक्ष समोरच होतं...

तुमच्यापैकी कुणाच्या आईला, बहिणीला असा फोन आला तर घाबरू नका. साक्षीदार म्हणून घरी जबाब द्यायचा हक्क तिचा आहे, तो शांतपणे मागा. फक्त आधी तिला विचारा. मी विचारलं नव्हतं.

आई रोज संध्याकाळी विरजणाची वाटी भरून, वर झाकण घालून ओट्यावर ठेवते. सकाळी तशीच भरलेली आत आणते. काल न राहवून विचारलं, कशाला ठेवतेस गं?

म्हणाली, "जबाब दिला म्हून शेजार सोडला न्हाई मी."