अंतोनीची लादी

हरवलेलं शोधून देणाऱ्या संत अंतोनीशी माझ्या आईचा रोखठोक कारभार. काही हरवलं की आधी गरिबाला पाव द्यायचा, मगच शोधायला लागायचं. सापडल्यावर दिला तर ती परतफेड झाली, विश्वास नव्हे, असं तिचं म्हणणं. मला ते सगळं थोतांड वाटे. बाबांच्या आजारपणात तिने पाव वाटवाटून हात दुखवले, तरी बाबा गेलेच. तेव्हापासून चार वर्षं मी देवळाची पायरी चढले नव्हते. आमच्या रेवदंड्याकडे आम्ही चर्चला देऊळच म्हणतो.

शाळेच्या नोकरीपायी मी दिघीला राहते. आईला अलीकडे फार विसरायला होतं, म्हणून तिलाही इथं आणलं. रविवारच्या मिस्साचं, म्हणजे प्रार्थनेचं, चर्च राहिलं खाडीपलीकडे. "मला मिस्साला ने गो," असं ती तीन रविवार म्हणाली आणि तिन्ही रविवार मी वह्या तपासत बसले.

चौथ्या रविवारी बाजारातून आले तर दार सताड उघडं आणि आई नाही. बोटीत बसून पलीकडे गेली असणार, म्हणून धक्क्यावर पळाले, तर आगरदांड्याची बोट नुकतीच सुटलेली. मी अंतोनीला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. मग रडूच फुटलं.

शेजारी पाववाला सायकल घेऊन उभा होता. इतकी वर्षं आईला हसणारी मी, मुकाट्याने त्याच्याकडून एक लादी घेतली.

"माझी आई हरवलीय हो," मी म्हटलं.

"गळ्यात क्रूस हाय का तिच्या?" त्याने विचारलं. "मग हरवली न्हाय ती. देवीच्या देवळात बसलीय. मला इचारत व्हती, मिस्सा कवा लागंल?"

रिक्षावाल्याला तिने "देवळात सोड" सांगितलं असणार आणि त्या भल्या माणसाने सोडलं! मी लादी काखोटीला मारून धावत सुटले. वाटेत चपलेचा अंगठा तुटला, चपला तिथंच टाकल्या.

मंडपात चार बायका हार ओवत होत्या. मधोमध आई, एका हातात जपमाळ, दुसऱ्या हातात त्यांनी दिलेला चहा. ठरवलेलं सगळं रागावणं विसरून मी तिला घट्ट मिठी मारली. ती बोट मला मिळाली असती, तर दिवसभर मी पलीकडे तिला शोधत फिरले असते. याला योगायोग म्हणायला माझी जीभ रेटेना. देवा, तू जिंकलास, असं मी मोठ्याने म्हणाले आणि लादी मोडून सगळ्यांच्या हातावर पाव ठेवला.

आईने माझे अनवाणी पाय पाहिले. मग त्या बायकांकडे वळून ती ऐटीत म्हणाली, "बघा, आली की नाही? चार वर्षं अंतोनीच्या मागे लागलेय, माझ्या पोरीला देवळात आण म्हणून. कुठल्या देवळात, तेवढं सांगायचं राहिलं."

पुढच्या बोटीने पलीकडे जाऊन आम्ही तेवढी दुरुस्ती करून आलो.