पत्र्याच्या तबकडीतली आय

म्हाळू ठोंबऱ्याला आय आठवत नव्हती. तो चालायला लागायच्या आत ती गेली. फोटो नाही, लुगड्याची चिंधी नाही. थोरली बहीण आक्काबाई, तीच काय ती साक्षीदार. ती सांगायची, मेंढरांचा तळ दौंडला भीमेच्या काठी पडला होता, तवा रेल्वेतला एक साहेब यंत्राची पेटी घेऊन आला आन् आयनं त्याच्या पुढ्यात ओव्या म्हटल्या. साहेबानं तिथंच काळी तबकडी कोरली आन् संगं नेली.

तेवढ्यापायी म्हाळू तबकड्यांच्या नादी लागला. मेंढरं मोडली, कवठ्याला कांदा केला, नातवंडं खांद्यावर आली, पण जुन्या बाजारात तबकडीची चळत दिसली की गडी तिथं उकिडवा बसलाच. भावकी म्हणायची, धनगराला बाज्याचं काय. म्हाळू हसायचा, कारण सांगायचा नाही. सांगितलं ते दोघांनाच. एक हनुमंत, शिक्रापूरच्या कारखान्यात लेथवर असलेला. दुसरे वरवंडचे आण्णा. आण्णांकडं चावीचा फोनो होता, मोठ्या कर्ण्याचा, म्हणून पुढारपण त्यांच्याकडं.

महिन्यातनं एका रविवारी हे तिघं हनुमंताच्या गाडीतनं हिंडायचे आन् मिळालेला माल घेऊन आण्णांच्या कांद्याच्या वखारीत बसायचे. तिथली रीत ठरलेली. दर बाजूला नवी पिन. ज्याला तबकडी घावली त्यानंच ती लावायची. आन् बसायच्या आधी सगळ्यांचे मोबाईल बंद करून दारातल्या घमेल्यात. "रेकॉर्ड आपुन ऐकायची, मोबाईलला ऐकवायची न्हाई," असं आण्णांचं म्हणणं.

त्या रविवारी दौंडात रेल्वेच्या एका म्हाताऱ्या गार्डाचं बंद घर त्याची सून रतनबाई रिकामं करत होती. माळ्यावरच्या ट्रंकेत तबकड्या होत्या. नाटकातली पदं निघाली, कीर्तनं निघाली. तळाला एक निराळीच निघाली. आरशासारखी चकचकीत, हलकी, मधल्या भोकाशेजारी आणखी एक भोक. वरच्या कागदावर शाईनं लिहिलेलं, हिराबाई ठोंबरे, धनगर, ओव्या.

म्हाळूनं ते आयचं नाव वाचलं, परत वाचलं, आन् तबकडी हनुमंताकडं दिली. 

गाडीत आण्णांनी तबकडीवर नख वाजवलं. आतनं पत्र्यासारखी वाजली. आण्णा खूश झाले. आपल्या लाखेच्या तबकड्या हातातनं निसटल्या की खापऱ्या होतात, जन्म गेला त्यांना जपण्यात. ही पत्र्याची. "म्हाळू, ही तुझ्या नातवाच्या नातवाला पुरंल," ते म्हणाले. हनुमंत म्हणाला, "मामा, आक्काबाईला फोन करा की." म्हाळू नको म्हणाला. आधी वाजती का बघू. म्हातारीला उगं आशा लावायची अन् काय निघायचं न्हाई.

वखारीत मोबाईल घमेल्यात पडले. हनुमंतानं चावी भरली, नवी पिन बसवली. म्हाळूनं पिन ठेवली.

आधी खरखर. मग एक बाई खाकरली. मग कुणाला तरी विचारल्यासारखं म्हणाली, "म्हनू का आता?" आन् गायला लागली.

आक्काला ऐकवायचं, एवढंच म्हाळूच्या डोक्यात आलं. रीतभात राहिली बाजूला. तो उठला, घमेल्यातला मोबाईल घेऊन उन्हात गेला. बंद मोबाईल चालू व्हायला घटका लागली. आक्कानं लवकर उचलला नाही, मग उचलला, मग ऐकू येईना म्हणून नातीला स्पीकर लावायला सांगितला. "आय घावली, आक्का. गातीया," म्हाळू ओरडून सांगत होता. तो आत आला तवा पिन शेवटच्या रेघेत घासत होती.

"लावा परत," तो म्हणाला. "आक्का हाय फोनवर."

आण्णांनी पिन बदलली. म्हाळूनं एका हातानं मोबाईल कर्ण्यात धरला अन् दुसऱ्या हातानं पिन टेकवली.

खरखर आली. खरखरच राहिली. तिच्याखाली लांब कुठंतरी, विहिरीच्या तळातनं यावं तसं काही हललं अन् बुडालं. हनुमंत वाकून बघत होता. पिनेच्या पुढ्यात काळा बारीक कीस गुंडाळत चालला होता, लेथवर लोखंडाचा निघतो तसा. त्यानं पटकन पिन उचलली. पत्र्यावर नुसता मऊ थर होता. असल्या तबकडीला कापसाच्या वजनाची सुई लागती, हे त्या वखारीत कुणालाच ठावं नव्हतं. चावीच्या फोनोचं वजनदार डोकं पहिल्याच खेपेला नांगरून गेलं होतं. दुसरी खेप ही ढेकळं फोडायची.

आण्णा खाली बसले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हाळू," मोबाईलमधनं आक्का म्हणाली, "नुसतं खरखरतंय रं. आय कवा यायची?"

म्हाळू म्हणाला, येतो घरी. मग सांगतो.

हनुमंतानं गाडी शिरूरकडं, आक्काच्या घराकडं काढली. म्हाळू डोळे मिटून तो आवाज आठवत होता. खाकरणं आठवायचं. म्हनू का, हे शब्द आठवायचे. पण त्यांना आवाज नव्हता, कुणीबी म्हटल्यासारखे ते सपाट यायचे.

आक्का ओट्यावर बसूनच होती. त्यानं काही झाकलं नाही. चूक कशी झाली, कुणाच्या हातनं झाली, सगळं सांगितलं.  आक्का म्हणाली, "तू तरी ऐकलीस न्हवं. म्हनून दाव. कशी म्हनत व्हती?"

म्हाळूनं घसा साफ केला. "म्हनू का आता," तो म्हणाला. त्याचा तो तंबाखूनं बसलेला घोगरा आवाज.

आक्कानं मान हलवली. "अशी न्हाई."

"मग कशी, आक्का?"

ती तोंड उघडून थांबली. आय कशी बोलायची, हे इतकी वर्षं तीच सांगत आली होती. ओठ हलले, मिटले. "ते खरखर कानात बसलंय," ती म्हणाली. "अशी न्हाई, येवढं कळतंय बघ. कशी, ते मलाबी येईना झालंय."

आतनं सुनेनं ताटं वाढल्याचं सांगितलं. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.