मोडनिंबच्या मोटारीची चिठ्ठी

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी गिरणीत दळणाच्या रांगेत होते. त्याची सून बोलत होती. "आत्या, पप्पा दुकानातच..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी दळण घेऊनच निघाले. तो गेलाच होता, आणि घरात पीठ नव्हतं. पोचले तेव्हा त्याला बाकड्यावर निजवलं होतं. कपाळावर वार्निशचा डाग होता. अर्धी भरलेली विजेची मोटार समोर तशीच पडली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. याला आता सात आठवडे झाले.

मिलिंद माझा धाकटा भाऊ. सोलापुरात त्याचं मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतल्या तारा उपसून काढायच्या आणि नव्या तांब्याच्या तारेची वेटोळी खाचांत बसवायची, हे ते काम. माझा नवरा गेला तेव्हा मी एकतिशीत होते, शाळा चौथीपर्यंत. तेराव्या दिवशी मिलिंद म्हणाला, "आक्का, रडून झालं असंल तर उद्या दुकानात ये. बगू तरी तुजी बोटं चालत्यात का नुसतं तोंडच." बोटं चालली. पुढे तीस वर्षं चालली.

त्याची एक पद्धत होती. मोटार उघडली की आधी ती कशानं जळाली ते बघायचं. सगळी वेटोळी सारखी काळी असली तर ओझं जास्त झालं. एकाच फेजची काळी आणि बाकीच्या दोन फेजची कोरी असली तर तीनपैकी एक फेज गेला आणि मोटार उरलेल्या दोनांवर कण्हत राहिली. ते कारण तो सांगायचा, मी कागदावर लिहायची आणि तारेच्या तुकड्यानं चिठ्ठी मोटारीला बांधायची. माढ्यापासून माळशिरसपर्यंतची दूध केंद्रं, बर्फाचे कारखाने, डाळिंबाची शीतगृहं त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवायची. दोष कुणाचा, यावर भांडण झालं की लोक म्हणायचे, मिलिंदभाऊंची चिठ्ठी काय म्हणते बघा.

एक फेज गेला की मोटार आपोआप बंद पाडणारी डबी असते, तिला प्रिव्हेंटर म्हणतात. दूध थंड करणाऱ्या चिलरला ती हवीच. पण वीज जरा कमीजास्त झाली तरी ती मोटार बंद पाडते, मग लोक वैतागून तिच्यावर तार टाकतात. तार टाकली की डबी असून नसल्यासारखी. असा तार टाकणारा दिसला की मिलिंद त्याला चार माणसांत झापायचा. "घरच्या दाराची कडी काडून ठिवतोस का रं, घडीघडी लावायचा कटाळा येतो म्हणून?"

आणि एकदा त्यानं स्वतःच तार टाकली. मोडनिंबकडच्या एका खासगी दूध केंद्रात. उन्हाळ्याची दुपार होती, मोटार सारखी बंद पडत होती, टाकीत दूध तापत होतं आणि टँकर यायचा होता. मॅनेजर सारखा येऊन घाई करून जात होता. मिलिंदनं लाल वायरचा चार बोटं तुकडा डबीवर टाकला आणि तिथल्या ऑपरेटरला, दत्तूला, सांगितलं, "टँकर गेला की मी यिऊन काडतो. तवर पॅनेलला हात लावू नगंस." तिथून तो माळशिरसला दुसऱ्या कामाला गेला आणि विसरला. दुसऱ्या दिवशी एक फेज गेला. दत्तूला जळका वास आला तोवर मोटार संपली होती. टाकीभर दूध नासलं, ते त्यांनी ओढ्यात सोडलं.

मोटार आमच्याकडेच आली. मी उघडली. एक फेज कोळसा, दोन कोरे. मी कागद घेऊन बसले, पण मिलिंद सांगेना. मोटार आणायला गेला तेव्हा डबीवरून काढलेली ती लाल वायर त्यानं खिशातून माझ्यापुढे ठेवली. मला समजलं. तो म्हणाला, "लिव्ह, मी टाकली म्हणून." मी म्हटलं, "तुजं नाव गेलं की दुकान गेलं. पोरं काय खात्याल?" आणि मी माझ्याच मनानं लिहिलं: 'प्रिव्हेंटरवर तार टाकलेली आढळली.' त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त नाव नव्हतं.

ते नाव मॅनेजरनं घातलं, दत्तूचं; पॅनेल त्याच्या ताब्यात होतं. त्याला कामावरून काढलं. मोटार जाळणारा माणूस म्हणून पुन्हा कुणी त्याला मशीनजवळ उभं केलं नाही.

त्यानंतर मिलिंद कुठल्याही केंद्रात गेला की पाणी प्यायच्या आधी डबीमागे हात घालून तार चाचपायचा. ती लाल वायर त्यानं बाकड्यावरच्या खिळ्याला अडकवून ठेवली. वर्षातून दोन-तीनदा तरी म्हणायचा, "आक्का, ती एक चिट्टी बदलून दे की." मी म्हणायची, "झालं गेलं. काम कर." त्याला स्वतःला लिहिता येत नव्हतं असं नाही. पण माझ्या हातचं होतं, ते मीच बदलावं असं त्याला वाटत असावं... मी कधी विचारलं नाही. जायच्या आदल्या दिवशीही त्यानं विषय काढला. मी पंखा वाढवला आणि म्हटलं, उन्हानं बडबडतोस.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माणसं जमली. एक केंद्रवाला उभा राहून म्हणाला, मिलिंदभाऊंनी आयुष्यात चुकीची चिठ्ठी दिली नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. 

पुढच्या आठवड्यात मिलिंदचं नाव घालून नवी चिठ्ठी लिहिली आणि एसटीनं मोडनिंबला गेले. दत्तू आता मंगल कार्यालयावर राखणीला असतो. केस पार पांढरे झालेत. मला ओळखून त्यानं खुर्ची दिली. त्याची बायको दारातूनच म्हणाली, "आता कशापायी आलाय? अजून काय जळायचं ऱ्हायलंय आमचं?"

मी चिठ्ठी दिली. त्यानं सावकाश वाचली. मग म्हणाला, "मला ठावंच हाय की. त्यो तार टाकत व्हता तवा पॅनेलमागच्या अंधारात बॅटरी मीच धरली व्हती. लई सांगितलं समद्यांना. पर चिट्टी तुमची व्हती, आक्का. माजं कोण ऐकनार?"

मी म्हटलं, "चुकलं."

त्यानं घडी घालून कागद माझ्या हातात परत दिला. "ती पयली समद्या तालुक्यानं वाचली. आन् ही मला एकट्यालाच दावताय व्हय?"

 पाणी पिऊन परत आले.

म्हणून इथे लिहिते आहे. त्या चिलरची मोटार जळाली ती प्रिव्हेंटरवर तार टाकल्यानं. तार मिलिंदनं टाकली. दत्तूनं टाकली नाही, त्यानं फक्त मिलिंदचं ऐकलं. नाव मी गाळलं.

हेच मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावरही लिहिलं आहे. मिलिंदच्या बाकड्यावर जो खिळा आहे, त्याच्यावर तो पुठ्ठा टांगला आहे, त्याच लाल वायरनं बांधून. सून म्हणाली, गिऱ्हाईक वाचतील. मी म्हटलं, वाचू दे.